बॉयलरचे यंत्र आणि पोटातला गोळा

पोटाची सोनोग्राफी आज तालुक्याच्या गावीही होते. परंतु ही विद्या बॉयलरच्या कारखान्यातून निघाली, याचे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना विशेष कौतुक. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड २१ जुलै १९५५ रोजी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेन्फ्रूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कारखान्यात गेले. पोलादातील भेगा ध्वनिलहरींनी हुडकणारे यंत्र तेथे होते. पाण्याची गाठ केवळ कडांशी प्रतिध्वनी देते, भरीव गाठ आतूनही देते, हे त्यावर दिसले. पुढे टॉम ब्राउन या तरुण इंजिनियरच्या साह्याने काम वाढले आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला. जठराचा असाध्य कर्करोग म्हणून सोडून दिलेल्या एका बाईच्या पोटात यंत्राने अंडाशयाचा पाण्याचा गोळा दाखविला. तो काढला, बाई वाचली.

आमच्याकडे मात्र पोटातली मुलगी हाच विकार ठरला! मुंबईतील स्त्रिया व डॉक्टर झगडले, तेव्हा १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. त्या वेळी रोख मुख्यत्वे गर्भजलपरीक्षेवर होता. केंद्राचा कायदा १९९४ चा; २००३ च्या दुरुस्तीने सोनोग्राफीवरील बंधने कडक झाली.

रत्नागिरीकर म्हणतील, २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया भरल्या. खरे आहे, पण त्यात मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांचा वाटा मोठा. पाळण्यातले माप निराळे. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४.