शल्यविशारदाच्या मांडीतील पुरावा

१/ १९६० च्या दशकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील एका शल्यविशारदाने प्लास्टिकचे बारीक कण स्वतःच्याच मांडीत रोपून घेतले. त्यांचे नाव जॉन चार्नली. ज्या पदार्थावर त्यांनी भिस्त ठेवली होती, त्यानेच शेकडो रुग्णांचा घात का केला, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. आजचा धागा त्या प्रश्नाविषयी. 🧵

२/ लँकेशायरमधील राइटिंग्टन रुग्णालयात चार्नली खुब्याचा निकामी झालेला सांधा बदलून कृत्रिम सांधा बसवीत. मांडीच्या हाडाला धातूचा गोळा, कमरेच्या हाडात टेफ्लॉनची वाटी. टेफ्लॉन गुळगुळीत आणि रासायनिकदृष्ट्या जवळजवळ निष्क्रिय. जो पदार्थ कशाशीच संयोग पावत नाही, त्याच्याशी शरीर तरी का झगडेल?

३/ आरंभीचे यश विलक्षण होते. वेदनेने जखडलेली माणसे चालू लागली. मात्र अवघ्या काही वर्षांत वाट्या झिजल्या, सांधे सैल झाले, वेदना परतल्या. असे रुग्ण सुमारे ३००. सांधा पुन्हा उघडला, की आत लगद्यासारख्या ऊतींचा साठा आणि भोवती पोखरलेले हाड दिसे.

४/ हे कोडे समजण्यासाठी आणखी ८० वर्षे मागे जावे लागते. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडला होता. परक्या वस्तूला गिळू पाहणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

५/ राइटिंग्टनच्या रुग्णांत याच पेशी कामाला लागल्या होत्या. टेफ्लॉनची अखंड वाटी त्यांना गिळता येत नव्हती. झिजेतून सुटलेले सूक्ष्म कण मात्र गिळता येत होते. गिळले, पण पचले नाहीत. अशा वेळी भक्षक पेशी दाह वाढवणारी रसायने सोडत राहतात. त्या संदेशांमुळे हाड विरघळवणाऱ्या पेशींची संख्या आणि हालचाल वाढते, आणि सांध्याचा आधारच खचतो.

६/ चार्नली यांच्या मांडीने याला दुजोरा दिला. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी झाल्या. पॉलिएथिलीनच्या जागी काहीच जाणवेना. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीनच्या वाट्या बसवण्यास प्रारंभ केला. आधुनिक सांधेरोपणाचा पाया तो हाच.

७/ पण या पुराव्याने अर्धेच सत्य सांगितले होते. पॉलिएथिलीनही झिजते, फक्त फार सावकाश. वर्षानुवर्षे साठलेले त्याचे कणही हाड पोखरू शकतात. १९८० च्या दशकात या ऱ्हासाचे खापर काही काळ सांधा बसवण्याच्या सिमेंटवर फुटले. पण सिमेंटविरहित सांध्यांतही तोच प्रकार दिसला, तेव्हा संशयाची सुई झिजेच्या कणांकडे वळली. महिन्यांचा प्रयोग दशकांची साक्ष देऊ शकत नव्हता.

८/ मग भक्षक पेशी हाडाच्या वैरी म्हणायच्या का? नाही. मोडलेले हाड सांधताना पहिल्या काही दिवसांचा दाह आवश्यकच असतो. याच पेशी मृत अवशेष उचलतात आणि पुढे दुरुस्तीचे संदेश देतात. हाड विरघळवणाऱ्या पेशीही त्यांच्याच कुळातल्या. हाड आणि प्रतिकारशक्ती यांच्या या नात्याच्या अभ्यासाला २००० साली ‘ऑस्टिओइम्युनॉलॉजी’ हे नाव मिळाले.

९/ म्हणून ‘निष्क्रिय पदार्थ’ या शब्दाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावधपणे पाहावे. निष्क्रियता हा पदार्थाचा कायमचा गुण नव्हे. पदार्थ अखंड आहे की चूर्णरूप, आणि शरीरात किती काळ राहिला, यांवर ती ठरते. चार्नली यांचे मोठेपण अचूक असण्यात नव्हते. चूक कळताच त्यांनी तिची परीक्षा स्वतःच्या देहावर घेतली, यात ते होते.