दोरी ओढण्याचा अधिकार

जपानी गाडी बिघडत नाही, कारण जपानी माणूसच मुळात शिस्तीचा, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मोटार उद्योगाचा इतिहास या समजुतीला फारसा आधार देत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे 'मेड इन जपान' म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशीच जगभर ख्याती होती. टोयोटाने १९५७ मध्ये 'टोयोपेट क्राउन' अमेरिकेत नेली, पण तिथल्या महामार्गांच्या वेगाला ती पुरी पडली नाही आणि १९६० च्या अखेरीस तिची निर्यात थांबवावी लागली. गुण रक्तातच असता, तर तो या गाडीतही दिसायला हवा होता.

तो घडवला गेला, आणि त्याची सुरुवात मोटारीत नव्हे, मागात झाली. टोयोटाच्या संस्थापकाचे वडील साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात ताण्याचा एखादा धागा तुटला, की त्यावर टांगलेली धातूची पातळ पट्टी खाली पडे आणि माग जागीच थांबे. सदोष कापड पुढे विणले जात नसे, आणि प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून बसायला स्वतंत्र माणूस लागत नसे. टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांनी हेच तत्त्व मोटारीच्या कारखान्यात आणले. मात्र यंत्राने थांबणे वेगळे आणि साध्या कामगाराने उत्पादनाची अख्खी लाइन थांबवणे वेगळे. त्यासाठी त्याला नोकरीची धास्ती नसावी लागते. १९५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगारकपात जाहीर झाली, मोठा संप पेटला, दीड हजारांहून अधिक लोक घरी गेले आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. त्या जखमेतून पुढच्या दशकात कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात एक समझोता आकाराला आला: कायम कामगारांची नोकरी सुरक्षित, आणि बदल्यात पडेल ते काम शिकायची, सुधारणा सुचवायची तयारी. ज्याला आपण जपानी वृत्ती म्हणतो, तिचा मोठा भाग हा झगडून झालेला करार आहे, असे माझे मत आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा कॅलिफोर्नियात मिळतो. जनरल मोटर्सचा फ्रीमाँट येथील कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी कुप्रसिद्ध होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी तो भागीदारीत पुन्हा सुरू केला. संघटना तीच, कामगारही बहुतेक जुनेच. त्यांच्यापैकी कित्येकांना प्रशिक्षणासाठी जपानला नेले, आणि परतल्यावर त्यांच्या डोक्यावर दोरी आली: दोष दिसला की ओढायची, मुकादम धावत येतो तो ओरडायला नव्हे, मदतीला, अडचण तिथेच सुटली नाही, तर लाइन थांबते. थोड्याच वर्षांत तिथल्या गाड्यांतले दोष टोयोटाच्या ताकाओका कारखान्याइतकेच कमी झाले. १९८८ मध्ये विक्री घसरली, तरी कोणाला काढले नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षणाला आणि सुधारणांच्या कामाला लावले. माझ्या मते दोरीपेक्षा हा निर्णय मोठा होता, कारण त्यानेच दोरीला अर्थ आला.

यावर एक आक्षेप रास्त आहे: मग जनरल मोटर्सला ते आपल्या इतर कारखान्यांत का जमले नाही? व्हॅन नाइस येथील कारखान्यात प्रयत्न झाला, पण तो फसला आणि १९९२ मध्ये तो कारखानाही बंद झाला. तिथल्या कामगारांना ही नवी पद्धत आपल्याच मुळावर येणारी वाटली. आणि गाड्यांची संख्या पुरी करण्यावर जोखले जाणारे व्यवस्थापक लाइन थांबू द्यायला तयार नव्हते. म्हणजे संस्कृतीला वजन आहेच. पण ती देशाच्या मातीतून आपोआप उगवत नाही. वरिष्ठ काय मोजतात आणि कामगार कशावर विश्वास ठेवतो, यातून ती साचत जाते.

ती विटूही शकते. २००९-१० मध्ये टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर अध्यक्ष आकिओ टोयोडा यांनी कबूल केले, की कंपनी ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने माणसे आणि अंतर्गत रचना घडवता आली नाही. जपानी स्वभाव तर तेवढ्या काळात बदलला नव्हता.