डिपुटींची फेरी आणि ‘बालबोध’

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्यांतील खेड्याच्या शाळेंत वर्षांतून एखादे वेळीं मोठी धांदल उडे. जमीन सारवली जाई, हजेरीपट पुन्हा तपासला जाई, मुलें धुतलेले कपडे घालून येत. कारण एकच : त्या दिवशीं डेप्युटी इन्स्पेक्टर, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘डिपुटी’, परीक्षेला यावयाचे असत. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५५ सालीं या इलाख्यांत स्वतंत्र विद्याखातें निघालें, आणि शाळा तपासणारे अधिकारी गांवोगांव हिंडूं लागले. मुलानें क्रमिक पुस्तक वाचावें, अर्थ सांगावा, हिशेब करावा. अधिकाऱ्यानें शेरा लिहावा व पुढच्या गांवीं जावें, असा हा क्रम होता. या क्रमांत वाचन होतें. परंतु वाचणें म्हणजे परीक्षा देणें, एवढीच मुलाची समजूत होण्याचें भय त्यांत होतें.

याच खात्यांत विनायक कोंडदेव ओक यांनीं नोकरी केली. रत्नागिरी जिल्ह्यांतील हेदवी येथें १८४० सालीं त्यांचा जन्म झाला. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पुढें डेप्युटी इन्स्पेक्टर अशा पायऱ्या ते चढले. शिकविणाऱ्याची खुर्ची आणि परीक्षकाची खुर्ची या दोन्ही ठिकाणांहून त्यांनीं मूल पाहिलें. शाळेचें पुस्तक संपल्यावर त्या मुलाच्या हातीं काय द्यावें, हा प्रश्न मात्र खात्याच्या कोणत्याही शेऱ्यानें सुटणारा नव्हता. मोठ्यांसाठीं निबंध, नाटकें, कादंबऱ्या निघत होत्या. मुलांसाठीं मिशनऱ्यांचें ‘बालबोधमेवा’ निघालें होतें. एरवीं या बाजूला बरीच उणीव होती.

ती भरून काढण्यासाठीं ओकांनीं १८८१ सालीं ‘बालबोध’ मासिक सुरू केलें. एक चरित्र, एक कविता, एक निबंध आणि एक शास्त्रीय विषयावरील लेख, अशी अंकाची मांडणी त्यांनीं ठरविली व निष्ठेनें पाळली. त्यांतील बहुतेक मजकूर ते स्वतःच लिहीत. १९१४ सालीं त्यांचें निधन झालें, तोंपर्यंत सुमारे ३३ वर्षें हा क्रम चालला आणि अंकांची संख्या ४०० च्या वर गेली. एका माणसानें मुलांसाठीं इतका दीर्घकाळ, दरमहा, न कंटाळतां लिहीत राहावें, ही गोष्ट मराठी वाङ्मयांत विरळा आहे.

या उद्योगाचें महत्त्व नकाशावर अधिक स्पष्ट दिसतें. वाशीमचेंच उदाहरण घ्यावें. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें होतें, तरी तें मुंबई इलाख्याचा भाग नव्हतें. त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे असे. १९०५ पर्यंत वाशीम हा वऱ्हाडांतील स्वतंत्र जिल्हा होता. तेथें शिकणाऱ्या मुलाची भाषा ओकांचीच. पण मुंबईच्या विद्याखात्याचा कोणीही डिपुटी त्याच्या शाळेंत पाऊल टाकूं शकत नव्हता. टपालाची गोष्ट निराळी होती. १८५४ पासून पत्राचा दर अंतरावर न ठरतां वजनावर ठरूं लागला होता, आणि टपालाच्या थैलीला इलाख्याची हद्द अडवीत नव्हती. अधिकाऱ्याची फेरी जेथें थांबे, तेथून पुढें जाण्याचें सामर्थ्य मासिकांत होतें.

‘बालबोधा’ला मर्यादा नव्हत्या असें नाहीं. त्याचा स्वर उपदेशाचा होता. थोर पुरुषांचीं चरित्रें वाचून मुलानें शहाणें व्हावें, ही त्यांतील मुख्य अपेक्षा. मूल हें ऐकणारें होतें. त्यानेंही लिहावें, हा विचार तेथें फारसा पुढें आला नाहीं. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं ‘आनंद’ काढलें; बोधाकडून आनंदाकडे झालेलें हें वळण नांवांतच दिसतें. तथापि मुलांसाठीं दरमहा कांहीं लिहिणें हें प्रौढ माणसाचें गंभीर काम आहे, हें ओकांनीं आधींच सिद्ध करून ठेवलें होतें.

१९९८ सालीं वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. आतां मुलांचा लेखक शाळेंत येतो तो पाहुणा म्हणून; त्याच्या हातीं शेरेबुक नसतें, आणि हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु पाहुण्याचा दिवसही एकच असतो. दुसऱ्या दिवशीं मूल कपाट उघडावयास गेलें आणि त्याला कुलूप दिसलें, तर आदल्या दिवशींचा उत्साह फार काळ टिकत नाहीं. ओकांच्या ३३ वर्षांच्या श्रमांचें मोल येथेंच आहे : मुलाला पुढच्या महिन्याची वाट पाहण्याजोगें कांहींतरी त्यांनीं दिलें.