गळा बंद, कान उघडा

लालबाग-परळच्या चाळींत ‘त्याला शिवडीला ठेवलंय’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. शिवडी म्हणजे क्षयरोग्यांचं रुग्णालय. स्ट्रेप्टोमायसिन नुकतं निघालेलं, मिळायला दुर्मीळ. खरा इलाज म्हणजे पडून राहणं आणि कोरडी हवा. १९४७ साली याच मुंबईत तेवीस वर्षांच्या एका गवयाला क्षय निघाला. तो शिवडीला नाही, माळव्यात देवासला गेला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व. ‘धुनउगम राग’, म्हणजे लोकधुनेतून निघालेला राग, या प्रकाराचं कूळ त्या आजारपणात आहे असं सांगतात. मला ते आणखी मागे, ऑपेरा हाउसपाशी सापडतं.

तिथेच, फ्रेंच पुलाजवळ, बी. आर. देवधरांचं ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ होतं. देवधर एका घराण्याचे बांधील नव्हते. चांगलं जिथून मिळेल तिथून घ्यायचे, पाश्चात्त्य संगीतासह. त्यांच्याकडे आलेला हा मुलगा आधीच गाजलेला होता, तो नकलेसाठी. थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गळ्यातून काढायचा. १९३६ साली जिना हॉलमधल्या परिषदेत त्याने जाणत्यांना थक्क केलं. असा कान वरदान खरा, पण त्यात एक खोट असते. ऐकलं की लगेच गळ्यात उतरतं, मग ऐकत राहायची गरजच उरत नाही.

देवासला डॉक्टरांनी गाणं बंद केलं. सुमारे पाच वर्षं. ऐकलेलं गळ्यातून काढून मोकळं होण्याची वाट आता नव्हती. खाटेवर पडल्यापडल्या रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी कानावर यायची; लग्नाची, ऋतूंची, देवाची. पत्नी भानुमती, त्याही देवधरांच्याच शाळेतल्या, शुश्रूषा करीत होत्या. नक्कल करता येत नाही म्हटल्यावर तीच ती धून पुन्हा पुन्हा ऐकायची, आणि तिच्यात काय दडलंय ते पाहायचं.

दडलेलं असायचं ते असं. लोकगीताची धून फार तर चार-पाच सुरांत फिरते. पण त्या सुरांचं एकमेकांशी नातं पक्कं असतं. अमुक सुरावर थांबायचं, तमुक सुराला नुसतं शिवून जायचं. हे चलन न मोडता उरलेले सूर कुठून यावेत याचा शोध घ्यायचा, आरोह-अवरोह पुरा करायचा, बंदिश बांधायची. जोडरागात दोन तयार रागांची सोयरीक होते. इथे तसं काही नाही. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, मधसूरजा हे असे झालेले राग. मधसूरजातल्या बंदिशीत बळी द्यायला नेलेली बकरी घरी एकट्या राहिलेल्या पिलासाठी जीव वाचवायची विनवणी करते. दरबारी ख्यालात हा विषय कुणाला सुचला असता?

खरं तर ही रीत नवी नव्हेच. मांड, पहाडी, गुर्जरी, सौराष्ट्र ही नावंच सांगतात की राग मुलखातून आले. कुमारांनी फक्त तो विसरलेला रस्ता पुन्हा चालून दाखवला.

१९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत पॉलिन ऑलिव्हेरोसला एकविसाव्या वाढदिवसाला आईने टेपरेकॉर्डर दिला. तिने मायक्रोफोन खिडकीत ठेवला आणि टेप ऐकताना लक्षात आलं की आपण न ऐकलेलं बरंच काही यंत्राने ऐकलंय. पुढे प्रयोगशील संगीतकार म्हणून तिने उत्स्फूर्त वादन केलं आणि ‘सखोल श्रवण’ हीच साधना मानली. तिच्याकडे ध्वनी ध्वनी म्हणूनच राहिला. कुमारांना त्याला रागाच्या शिस्तीत आणायचं होतं. दोघांची तुलना इथेच थांबते.

कुमारांचा ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ १९६५ साली गिरगावातल्या मौज प्रकाशनाने काढला. बंदिशी स्वरलिपीसह छापल्या गेल्या, म्हणजे आता त्या कुणीही तपासाव्यात. सनातनी मंडळींची कुरकुर झालीच. आणि कौतुक करणाऱ्यांनीही एक सोपी गोष्ट पसरवली: फुप्फुस निकामी झालं म्हणून दम पुरत नव्हता, म्हणून ते तुकड्या-तुकड्यांनी गात. दमाचा हिशेब तानांच्या लांबीला लागू पडेलही. कुठली धून राग होऊ शकते आणि कुठली धूनच राहिलेली बरी, ही निवड मात्र फुप्फुस करत नाही.