वीस नॅनोमीटरवर अडलेली चिप

२०१५च्या सुरुवातीला अँड्रॉइड फोनच्या जगात एका चिपच्या तापण्याची चर्चा होती. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८१०, तैवानच्या टीएसएमसीने २० नॅनोमीटर प्रक्रियेवर घडवलेली. जरा जास्त काम पडलं की ती तापायची आणि स्वतःचा वेग उतरवायची. सॅमसंगने गॅलेक्सी एस६मध्ये ती घेतलीच नाही. आपली १४ नॅनोमीटरची एक्सिनॉस ७४२० बसवली. विशेष म्हणजे दोन्ही चिपमध्ये आर्म कंपनीच्या आराखड्याचे तेच आठ कोअर होते, चार ए५७ आणि चार ए५३. मोठा फरक होता तो घडणीत.

या घोटाळ्याची मुळं जुनी आहेत. १९७४मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, त्यामुळे व्होल्टेज निम्मं झालं की तेवढ्यापुरता खर्च चौथाईवर येतो. कित्येक वर्षं उद्योग याच हिशेबावर चालला.

२००५च्या आसपास हा हिशेब बिघडला. व्होल्टेज आणखी उतरेना. ट्रान्झिस्टर इतके आखूड झाले, की बंद केलेल्या नळातून पाणी ठिबकावं तसा बंद अवस्थेतही प्रवाह गळू लागला. फोन खिशात नुसता पडून असतानाही बॅटरी उतरते, ती काही अंशी याच गळतीमुळे. २० नॅनोमीटरवर सपाट ट्रान्झिस्टरला ती आवरणं फार कठीण झालं.

उत्तर मात्र आधीच शोधलेलं होतं! बर्कलीत चेनमिंग हू यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रवाहाची वाट सपाट न ठेवता उभ्या पातळ पात्यासारखी केली आणि गेटने, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाने, तिला तीन बाजूंनी वेढलं. हाच फिनफेट. इंटेलने तो २०१२मध्ये २२ नॅनोमीटरवर बाजारात आणला. एक्सिनॉस ७४२०मध्येही तोच होता.

नुसता नॅनोमीटरचा आकडा पाहून फोनची पारख करणं धोक्याचं आहे, कारण तो आता कुठल्याही भागाचं खरं माप राहिलेला नाही. २०२२मध्ये क्वालकॉमने सॅमसंगकडे बनणारी ४ नॅनोमीटरची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटरवर नेली. नव्या ८ प्लस जेन १चा प्रोसेसर विजेच्या बाबतीत ३० टक्के काटकसरी असल्याचं कंपनीने जाहीर केलं.