डांगराची धाकटी भावकी: झुकिनीची कुळकथा

टेंभुर्णीत काय, जाफराबाद तालुक्यातल्या कुठल्याही गावात काय, डांगर लावायला कुणी वाफा आखत बसत नाही. पाऊस लागला की उकिरड्याच्या कडेला किंवा कुंपणाच्या बुडाशी दोन बिया टोचायच्या, पुढचं वेल बघतो. तो कुंपणावर चढतो, पत्र्यावर जातो, शेजारच्या परसात उतरतो आणि पाऊस सरल्यावर पानांआड भलं मोठं फळ सापडतं.

झुकिनीचं बी याच सवयीने टोचलं तर वेल निघतच नाही. आखूड, जाड खोड आहे तिथेच थांबतं. त्यातून पोकळ, काटेरी देठ वर येतात आणि त्यांवर हाताच्या पंजाहून मोठी, पांढरट ठिपक्यांची खरखरीत पानं छत्रीसारखी उघडतात. दीड महिन्याच्या आतबाहेर बुंध्यापाशीच बोटाएवढी हिरवी फळं लागलेली दिसतात. फूल पाहिलं की मात्र नातं लपत नाही. डांगराचं असतं तसंच मोठं, पिवळंधमक, पाच टोकांचं. सकाळी उमललेलं आणि दुपारपर्यंत मिटलेलं. दोघं एकाच कुकर्बिटा वंशातले, जाती तेवढ्या वेगळ्या. दोघांचं मूळ गाव अमेरिकेत.

झुकिनीच्या जातीचं, म्हणजे कुकर्बिटा पेपोचं, सर्वांत जुनं लागवडीचं बी मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात गिला नाकित्स नावाच्या गुहेत सापडलं. ब्रूस स्मिथ या पुरातत्त्वज्ञाने १९९७ मध्ये त्याचं वय जाहीर केलं: सुमारे १०,००० वर्षं. त्याच गुहेतली मक्याची जुनी कणसं सव्वासहा हजार वर्षांच्या आसपासची आहेत. म्हणजे तिथल्या माणसाने मका हाती धरण्याच्या कितीतरी आधी भोपळा जवळ केला होता.

तो भोपळा खाण्याजोगा मात्र नव्हता. रानटी फळ मुठीएवढं, टणक सालीचं आणि जहाल कडू. हा कडूपणा कुकर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा. त्याही आधीच्या काळी अमेरिकेत हत्तीच्या कुळातले मॅस्टोडॉन फिरत. त्यांच्या टिकून राहिलेल्या शेणात या फळांच्या बिया मिळाल्या आहेत. एवढ्या अवाढव्य जनावराला कडूपणा बाधत नसावा, आणि बी दूरवर टाकायचं काम तोच करी. मॅस्टोडॉन संपले आणि रानवेलाचा वाहक गेला. मग माणसाने ते काम उचललं. आधी बिया खाण्यासाठी आणि कवटी भांड्यासाठी, मग हळूहळू गरासाठी. कमी कडू फळाचं बी ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं तेव्हा कुठे भाजीचं फळ हाती आलं.

हे एकदाच घडलं असंही नाही. आजच्या अमेरिकेच्या पूर्व भागात सुमारे ५,००० वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी याच जातीचा रानवेल स्वतंत्रपणे माणसाळवला. झुकिनी मेक्सिकोच्या घराण्यातली. तिच्याबरोबर बियाण्यांच्या यादीत दिसणारी चपट्या, कंगोरेदार फळांची पॅटी पॅन आणि पिवळ्या फळांची अर्ली यलो प्रॉलिफिक या दुसऱ्या घराण्यातल्या. एका वाफ्यात शेजारी लावलेल्या या रोपांमागे दोन वेगळ्या प्रदेशांतल्या माणसांची मेहनत आहे.

कोलंबसानंतर हे बी युरोपात फार लवकर पोचलं. फ्रान्सची राणी अ‍ॅन हिच्या प्रार्थनापोथीत चित्रकार झां बुर्दिशों याने १५०३ ते १५०८ दरम्यान या जातीचा वेल फळाफुलांसकट रंगवला. रोमच्या व्हिला फार्नेसिनाच्या छतावर १५१५ ते १५१८ मध्ये जोवान्नी दा उदिने याने काढलेल्या फळांच्या माळांतही हे भोपळे आहेत. इटलीतल्या माळ्यांनी पुढे वेगळीच दिशा धरली. फळ मोठं व्हायची वाट न पाहता कोवळंच खुडायचं, त्यासाठी लांब, सरळ, एकसारख्या जाडीची फळं देणारी झाडं निवडायची, पसरणाऱ्या वेलाऐवजी आखूड झुडूप धरायचं. आजच्या झुकिनीची छापील नोंद मिलानमध्ये १९०१ साली निघालेल्या दोमेनिको तामारो यांच्या बागायतीच्या पुस्तकात मिळते. कूळ दहा हजार वर्षांचं, पण हे वाण जेमतेम एकोणिसाव्या शतकातलं. इटालियन स्थलांतरितांबरोबर झुकिनी अमेरिकेत परतली, तीही घडून-बदलून.

आपल्याकडे या भावकीतलं थोरलं घर आधी आलं. डांगर समुद्रमार्गे आलं आणि असं रुळलं की ते परमुलखातलं आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. पितृपक्षात पानावर त्याची भाजी लागते, सणाला घारगे होतात. दुध्या मात्र याहून जुना आणि वेगळ्या वंशातला, त्याचं मूळ अमेरिकेत नाही. झुकिनी फार उशिरा आली, ती मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या मागणीवर. भारतीय कृषी संशोधन संस्थेने कुलू खोऱ्यातल्या कत्राईन केंद्रातून 'पुसा अलंकार' हा संकरित वाण दिला, पॅटी पॅनही तिथूनच पसरली. उत्तरेत या फळभाजीला चप्पन कद्दू म्हणतात.

जालना जिल्ह्याचा या कथेशी संबंध आहे तो बियाण्यामुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. त्यांच्या कामाला १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. महिकोनंतर या शहराभोवती बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या आणि जालन्याबरोबर शेजारच्या बुलढाण्यातल्या देऊळगाव राजापर्यंत शेडनेटमधले सीड प्लॉट दिसू लागले. काकडी, मिरची, टोमॅटोचं संकरित बी तिथे हाताने तयार होतं. काकडीसारख्या पिकात उद्या उमलणारी मादीची कळी आदल्या संध्याकाळी झाकायची, मधमाशीला शिवू द्यायची नाही, सकाळी ठरलेल्या नराचं फूल आणून परागकण लावायचे आणि देठाला खुणेचा धागा बांधायचा. याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. हे नाजूक, चुकीला जागा नसलेलं काम मुख्यतः बायका करतात. बियाण्याच्या पाकिटावर कंपनीचं नाव असतं, पण आतलं बी त्यांच्या बोटांनी झालेलं असतं. जिल्ह्याच्या लौकिकात त्यांचं नाव ठळकपणे घ्यायला हवं.

परसात झुकिनी लावणाऱ्याला हीच विद्या कामी येते. अमेरिकेत या फुलांवर भोपळ्याच्याच फुलांवर जगणाऱ्या खास मधमाश्या येतात. त्या आपल्याकडे नाहीत. सातेरी, फुलोरी, आग्या या आपल्या माश्या काम करतात, पण दोन-चार झाडांच्या परसात त्या वेळेवर येतीलच असं नाही. मग फळ बोटाएवढं होऊन टोकाकडून पिवळं पडतं आणि गळतं. पुष्कळजण तो रोग समजून फवारणी करतात. खरं कारण बहुधा परागकण न पोचल्याचं असतं. सकाळी नऊच्या आत नराचं फूल तोडावं. त्याचा देठ बारीक आणि सरळ असतो. पाकळ्या काढून टाकाव्यात, मधली पिवळी कांडी मादीच्या फुलातल्या पसरट भागावर सगळीकडून हलकेच फिरवावी. मादी ओळखायला सोपी, फुलाखाली चिमुकलं फळ आधीच असतं. सुरुवातीला नुसती नराची फुलं आली तर घाबरू नये, त्यांची भजी छान होतात.

हंगाम मात्र डांगराचा धरू नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे झाड होरपळतं आणि नराचीच फुलं जास्त येतात. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टोचावं. दोन झाडांत तीन फूट अंतर, आळ्यात मुरलेलं शेणखत आणि पाणी बुंध्याशी, पानांवर नको. थंडीत पानांवर भुरी लवकर येते, म्हणून हवा खेळती ठेवावी. उगवताच लाल भुंगेऱ्यांवर नजर हवी. ते सकाळच्या गारव्यात सुस्त असतात, तेव्हाच हाताने वेचता येतात.

फळ वीतभर झालं की काढायचंच. फूल उमलल्यापासून चार ते सात दिवस पुरतात. मोठं करायच्या मोहाने ठेवलं तर साल जाड होते, बी टणकतं आणि झाड नवी फळं धरणं कमी करतं. डांगर पिकवून खायचं फळ, झुकिनी कोवळीच.

चिरताना एक तुकडा जिभेला लावावा. फळ कडू लागलं तर थुंकून टाकावं आणि सगळं फेकून द्यावं. शिजवल्याने कुकर्बिटासिन जात नाही. कडू दुधीच्या रसाबद्दल भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हाच धडा आहे: आधी चव बघा, कडू असेल तर पिऊ नका. हजारो वर्षांच्या निवडीने घालवलेला गुण एखाद्या भलत्या संकरातून परत येऊ शकतो. पहिल्या शेतकऱ्यांनी जिभेनेच निवड केली, आणि आजही घरच्या घरी तीच परीक्षा सर्वांत जवळची.

बी धरायचं तर एवढं पाहावं. झुकिनीच्या पाकिटातलं बी बहुतेक वेळा संकरित असतं, त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी तसंच झाड देत नाही. ते दर हंगामाला विकत घ्यावं लागेल. डांगराचं बी मात्र घरचं असतं. चांगल्या, गोड, पूर्ण पिकलेल्या फळाचं बी धुऊन, सावलीत वाळवून राखेत ठेवायची रीत अजून कित्येक घरांतल्या आज्यांना ठाऊक आहे. झुकिनी जवळ लावली म्हणून डांगर बिघडेल ही भीती नको. या दोन जातींचा संकर सहजासहजी होत नाही. तेव्हा टेंभुर्णीच्या परसात वाफ्यावर झुकिनी जरूर लावावी, पण कुंपणावरचं डांगर त्यापायी उपटू नये. हे सगळं कूळ वाढलं ते बी निवडून जपणाऱ्यांच्या हातून. ते काम प्रत्येक घराने निदान एका वाणापुरतं तरी आपल्या हाती ठेवलं पाहिजे.