दारातील सोनचाफा दुसऱ्या जागी लावताना

गडहिंग्लज : जुने कौलारू घर उतरवून त्या जागी स्लॅबचे घर उभे करायचे ठरले, की आराखड्यात पहिली अडचण येते ती दारातील झाडाची. नारळ, आंबा यांचा निर्णय लवकर होतो. घोटाळा होतो तो सोनचाफ्याचा. घरातील वडीलधाऱ्यांनी हौसेने लावलेले, गौरी-गणपतीला आणि देवघराला वर्षानुवर्षे फुले पुरविणारे झाड तोडावे असे कोणालाच वाटत नाही. मग ‘मुळासकट काढून परसात लावू’ असा सोपा तोडगा निघतो. पाया खणायला आलेली माणसे एका दुपारी झाड उपटतात, दुसऱ्या खड्ड्यात उभे करतात आणि महिन्याभरात ते वाळून जाते. झाडावर प्रेम नव्हते म्हणून असे घडत नाही. सोनचाफ्याच्या मुळांचा स्वभाव माहीत नसतो आणि निर्णय फार उशिरा घेतला जातो, ही त्याची खरी कारणे आहेत.

चाफे अनेक, मॅग्नोलिया मोजके

मराठीत ‘चाफा’ हे नाव अनेक वेगवेगळ्या झाडांना मिळाले आहे. देवळाच्या आवारात दिसणारा पांढरा चाफा किंवा देवचाफा मूळचा अमेरिका खंडातील असून तो करवंद, कण्हेर यांच्या कुळातील आहे. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातील, तर भुईचाफा हळदीच्या कुळातील. सोनचाफा मात्र अस्सल मॅग्नोलिया होय. कवठी चाफा हाही त्याचाच भाऊबंद. सीमाभागातील कन्नडभाषक घरांत सोनचाफ्याला ‘संपिगे’ म्हणतात.

फ्रान्समधील माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मॅग्नोल (१६३८-१७१५) यांच्या सन्मानार्थ या प्रजातीला मॅग्नोलिया हे नाव देण्यात आले. सोनचाफ्याचे शास्त्रीय नाव पूर्वी ‘मायकेलिया चंपका’ असे होते व जुन्या पुस्तकांत तेच आढळते. पुढे मायकेलिया ही प्रजाती मॅग्नोलियात विलीन झाल्याने ते आता ‘मॅग्नोलिया चंपका’ असे लिहिले जाते. पूर्व हिमालय, ईशान्य भारत आणि पश्चिम घाटातील सदाहरित जंगले हे त्याचे घर. जंगलात तो ३० मीटरपर्यंत उंच वाढतो. दारात लावताना याचा विसर पडतो आणि काही वर्षांनी झाड भिंतीला किंवा विजेच्या तारांना भिडते.

नावातील सारखेपणामुळे एक गैरसमज पक्का झाला आहे. देवचाफ्याची फांदी तोडून, चीक सुकवून मातीत खोचली तरी ती जगते. सोनचाफ्याच्या बाबतीत हे चालत नाही. एका चाफ्याचा अनुभव दुसऱ्याला लावल्याने अनेक झाडे हातची जातात.

मुळांचा स्वभाव

मॅग्नोलियाची मुळे जाड, मांसल, दोरखंडासारखी आणि ठिसूळ असतात. त्यांना बारीक तंतुमुळे कमी फुटतात आणि ती वरच्या थरात दूरवर पसरतात. जास्वंद किंवा तगरीचे मूळ तुटले, तर त्या जागी लवकर नवीन मुळे येतात. सोनचाफ्याची जखम सावकाश भरते आणि पाणी साचले तर तेथूनच कूज सुरू होते.

दुसरी अडचण पानांची. सोनचाफा सदाहरित असल्याने त्याला पूर्ण विश्रांतीचा काळ नसतो. थंड देशांतील पानगळीचे मॅग्नोलिया निष्पर्ण अवस्थेत हलविता येतात. येथे मात्र मोठी पाने बारमाही पाणी बाहेर टाकीत असतात. मुळे तुटल्याने पुरवठा घटतो, पानांची मागणी तशीच राहते आणि झाड सुकते. स्थलांतराचे सारे तंत्र ही तफावत कमी करण्यासाठी आहे.

कोणते झाड हलवावे ?

जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाची जाडी मोजावी. मुळांभोवती ठेवावयाच्या मातीच्या गड्ड्याचा व्यास या जाडीच्या किमान १० ते १२ पट हवा. खोड ५ सेंटीमीटर जाड असल्यास गड्डा ६० सेंटीमीटर रुंद व ४० सेंटीमीटर खोल लागतो. ओल्या मातीसह त्याचे वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास जाते. चार-पाच माणसे फळीच्या साहाय्याने तो हलवू शकतात. खोड १० सेंटीमीटरचे झाले, की गड्डा सुमारे सव्वा मीटर रुंद होतो आणि वजन टनाच्या घरात जाते. तेथे क्रेन आणि अनुभवी माणसे याला पर्याय नाही.

म्हणून घरगुती प्रयत्नांची मर्यादा ५ ते ७ सेंटीमीटर जाडीच्या झाडापर्यंतच धरावी. कमरेएवढ्या उंचीचे कोवळे झाड मात्र पूर्वतयारीशिवायही पावसाळ्याच्या तोंडाशी हलविता येते.

तयारी आदल्या वर्षापासून

हे काम तीन टप्प्यांत होते. पुढील पावसाळ्यात झाड हलवायचे असेल, तर आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहिला टप्पा घ्यावा. गड्ड्याच्या नियोजित कडेपासून साधारण ५ सेंटीमीटर आत, खोडाभोवती वर्तुळ आखावे. त्याचे सहा भाग करून एकाआड एक अशा तीन भागांत वीतभर रुंद व हातभर खोल चर घ्यावा. मुळे कुदळीने ठेचू नयेत, धारदार करवतीने किंवा कात्रीने साफ कापावीत. नंतर चर चाळलेले कुजके शेणखत व माती यांच्या मिश्रणाने भरून पाणी द्यावे. जानेवारी-फेब्रुवारीत उरलेल्या तीन भागांत हीच कृती करावी. मधल्या महिन्यांत कापलेल्या टोकांजवळ नवी तंतुमुळे फुटतात. तीच पुढे झाडाला जगवितात.

उन्हाळ्यात चरातील ओल टिकवावी. या काळात बहर आला तरी कळ्या खुडाव्यात. एका हंगामाची फुले सोडून देणे ही या कामाची किंमत आहे.

जागा आणि माती

नव्या जागेचा खड्डाही आधीच खणून ठेवावा. तो गड्ड्याच्या दुप्पट रुंद असावा, मात्र गड्ड्याहून खोल नसावा. खोल खड्ड्यातील भुसभुशीत मातीवर झाड पुढे खचते आणि त्याची मान मातीत गाडली जाते. खोड व मुळे जेथे मिळतात तो भाग जुन्या पातळीलाच, किंबहुना दोन बोटे वर राहावा.

सोनचाफ्याला निचऱ्याची, किंचित आम्ल माती मानवते. निचऱ्याची तांबडी माती असेल तेथे फारशी अडचण येत नाही. काळ्या भारी जमिनीत मात्र पावसाळ्यात पाणी तुंबते. तेथे फूटभर उंचीचा रुंद उंचवटा करून त्यावर लागवड करावी. खड्डा खणून त्यात पाणी ओतावे. रात्रभरात ते जिरले नाही, तर जागा बदलावी. बांधकामाचा चुना, सिमेंट किंवा राडारोडा पडलेली जागा टाळावी. चुनखडीयुक्त मातीत लोह मिळत नाही व पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. भिंतीपासून किमान चार-पाच मीटर अंतर ठेवावे, अन्यथा हाच प्रश्न पुढच्या पिढीसमोर उभा राहील.

प्रत्यक्ष स्थलांतर

जूनमध्ये पहिले चांगले पाऊस झाले, हवा दमट झाली, पण जमीन अद्याप चिखल झालेली नाही, हा काळ योग्य. ढगाळ दिवस आणि संध्याकाळची वेळ निवडावी. दोन दिवस आधी झाडाला भरपूर पाणी द्यावे. खोडाच्या उत्तर बाजूवर खूण करावी, म्हणजे नव्या जागी तीच दिशा ठेवता येते. फांद्या सुतळीने सैल बांधाव्यात.

आखलेल्या कडेबाहेरून चर खणून गड्डा मोकळा करावा, त्याला ओले गोणपाट घट्ट गुंडाळावे आणि मगच खालची मुळे कापावीत. झाड कधीही खोडाला धरून ओढू नये. गड्ड्याखाली फळी किंवा जाड ताडपत्री सरकवून भार तिच्यावर घ्यावा. गड्डा फुटला, तर वर्षभराची मेहनत त्या क्षणी वाया जाते.

नव्या खड्ड्यात झाड बसविल्यावर वरचे गोणपाट मोकळे करावे. प्लॅस्टिकचे पोते वापरले असल्यास पूर्णपणे काढावे. मूळचीच माती थोड्या कुजक्या खतासह थराथराने भरून हलकेच दाबावी व पाणी सोडावे, म्हणजे पोकळी राहत नाही. जोरदार छाटणी टाळावी. एकचतुर्थांश पाने विरळ करणे पुरेसे होते. दोन्ही बाजूंना काठ्या रोवून कापडी पट्टीने आधार द्यावा.

पुढचे वर्ष

ऊसपट्ट्यात सहज मिळणारे पाचट येथे उपयोगी पडते. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून त्याचा चार बोटे जाड थर द्यावा. पावसाने उघडीप दिल्यास दोन-तीन दिवसांनी, मातीत बोट घालून ओल पाहून पाणी द्यावे. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून हिरव्या जाळीची सावली करावी. सहा महिने रासायनिक खत देऊ नये.

स्थलांतरानंतर जुनी पाने गळतात. त्यावरून झाड मेले असे समजू नये. फांदीची साल नखाने खरवडावी. आत हिरवा थर दिसला तर झाड जिवंत आहे. खोडाच्या दर अडीच सेंटीमीटर जाडीमागे सावरण्यास एक वर्ष, असा ढोबळ हिशेब मानला जातो. तोवर बहराची घाई करू नये. कलमी झाड असल्यास जोडाखालून येणारे फुटवे काढावेत.

झाड नाही, तर वंश

मोठे झाड हलविणे शक्य नसेल, तेव्हा त्याचा वंश पुढे नेता येतो. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांवर गुटी बांधावी. प्रत्येक गुटीला मुळे फुटतीलच असे नाही, म्हणून चार-पाच बांधाव्यात. अनुभवी माळ्याकडून कलमही करून घेता येते. कलमे दोन-तीन वर्षांत फुलू लागतात, तर बियांपासूनच्या झाडाला आठ-दहा वर्षे लागू शकतात. बिया ताज्याच, लाल गर धुऊन पेराव्यात. नवीन कलम विकत घेणाऱ्यांसाठी आजरा-आंबोलीमार्गे कोकणात उतरल्यावर कुडाळ परिसर जवळचा आहे. तेथील ‘वेलणकर’ सोनचाफा प्रसिद्ध आहे.

हा मार्ग मोठमोठ्यांनीही स्वीकारला आहे. अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या आवारातील, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळातील मानला जाणारा मॅग्नोलिया जीर्ण झाल्याने एप्रिल २०२५ मध्ये काढण्यात आला आणि त्याच्याच वंशातील रोप तेथे लावण्यात आले. स्थलांतर करायचे ठरले तरी आधी दोन गुट्या बांधून ठेवणे शहाणपणाचे. झाड दगावले, तरी दारची फुले दारातच राहतात.

परवानगी आवश्यक

नगरपरिषद हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड स्वतःच्या अंगणातील असले, तरी हात लावण्यापूर्वी नगरपरिषदेकडे रीतसर अर्ज करावा. २०२१ मधील दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण मिळाले आहे. बांधकाम किंवा रस्त्यासाठी झाडांचे पुनर्रोपण करणे हे कायद्याने वृक्ष प्राधिकरणाच्या कर्तव्यांतच मोडते. बांधकामाचा नकाशा काढतानाच हा अर्ज केला, तर परवानगी आणि पूर्वतयारी या दोन्हींना वेळ मिळतो.

वर्षभराचे वेळापत्रक

- ऑगस्ट : खोडाची मोजणी, परवानगीसाठी अर्ज, गुटी बांधणे.
- सप्टेंबर-ऑक्टोबर : निम्म्या मुळांची छाटणी, चर भरणे.
- जानेवारी-फेब्रुवारी : उरलेल्या मुळांची छाटणी.
- मार्च-मे : ओल टिकविणे, कळ्या खुडणे, नवा खड्डा तयार करणे.
- जूनचा उत्तरार्ध : ढगाळ दिवशी स्थलांतर.
- पुढील उन्हाळा : सावली, पाचट व नियमित पाणी.